रक्तस्राव ते इंजेक्शन : मधल्या तासांचा हिशेब

(जागतिक हिमोफिलिया दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या रुग्ण-पालक व देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



१७ एप्रिल हा दिवस १९८९ पासून जगभर हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. जागतिक हिमोफिलिया महासंघाचे संस्थापक फ्रँक श्नाबेल यांचा हा जन्मदिवस. मॉन्ट्रियल येथील हे व्यावसायिक स्वतः तीव्र हिमोफिलियाचे रुग्ण होते आणि १९६३ मध्ये त्यांनी या महासंघाची स्थापना केली. रुग्णाने स्वतः पुढाकार घेऊन उभारलेले हे कार्य आहे, याचे स्मरण आजच्या दिवशी सर्वप्रथम करणे उचित होईल.

या व्यासपीठावरून एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांनी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य जमाखर्च, साठा नोंदवही आणि लेखापरीक्षण यांत गेले. तथापि विश्वस्त मंडळाने हे काम माझ्याकडे सोपविले, त्यास कारण आहे. मंडळाच्या एका बैठकीत असा प्रश्न निघाला होता की, हिमोफिलियावरील महागडे औषध शासन मोफत उपलब्ध करून देत असताना धर्मादाय रुग्णालयाने देणगीदारांचा पैसा या कामी का खर्च करावा? प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या हाती इतरांनी विश्वासाने दिलेला पैसा असतो, त्यांनी असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नास दिलेले सविस्तर उत्तर होय.

आजाराचे स्वरूप

प्रथम, जे या विषयाशी परिचित नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जखम झाल्यावर रक्त गोठण्यासाठी शरीरात अनेक घटक एकामागून एक कामास लागतात. त्यांतील आठव्या घटकाची उणीव असल्यास ‘हिमोफिलिया ए’ व नवव्या घटकाची उणीव असल्यास ‘हिमोफिलिया बी’ होतो. घटकाचे प्रमाण सर्वसामान्याच्या १ टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि ५ ते ४० टक्के असेल तर सौम्य मानला जातो. अशा मुलाचे रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहते हा समज चुकीचा आहे. ते इतरांपेक्षा अधिक काळ वाहत राहते, एवढेच. आणि बहुतेक वेळा ते बाहेर दिसतही नाही. गुडघा, घोटा आणि कोपर या सांध्यांच्या आत रक्त साचते. मूल रात्री रडत उठते, पाय जमिनीवर टेकवीत नाही, आणि घरच्यांना वाटते की खेळताना पाय मुरगळला असेल.

हा आजार आईकडून मुलाकडे येतो, असे सांगितले जाते. त्यातून अनेक घरांत सुनेला बोल लावला जातो. म्हणून येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे की, सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात हा आजार पूर्वी कोणालाही नसतो. जनुकातील बदल नव्यानेच झालेला असतो आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. वडील रुग्ण असतील तर त्यांच्या सर्व मुली वाहक होतात, मुलगे मात्र मुक्त राहतात. वाहक स्त्रियांपैकी काहींना स्वतःलाही अधिक रक्तस्राव होतो, विशेषतः मासिक पाळीत व प्रसूतीनंतर. त्यांचीही तपासणी व्हावयास हवी. मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय संस्थेत वाहक तपासणी व गर्भजल परीक्षेची सोय आहे, ही माहिती प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचली पाहिजे.

न सापडलेले रुग्ण

आता संख्येकडे वळू. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहा देशांच्या नोंदवह्यांच्या आधारे असा अंदाज मांडण्यात आला की, जगात हिमोफिलियाचे सुमारे ११ लाख २५ हजार पुरुष रुग्ण असावेत आणि त्यांपैकी ४ लाख १८ हजारांना तो तीव्र स्वरूपाचा असावा. जन्मणाऱ्या दर एक लाख मुलग्यांमागे जवळपास ३० मुलगे हा आजार घेऊन येतात. हे प्रमाण आपल्या देशास लावले तर रुग्णांची संख्या लाखाच्या बरीच पुढे जाते. प्रत्यक्षात नोंद झालेले रुग्ण मात्र ३० हजारांच्या आतबाहेर आहेत. म्हणजे आपण ज्यांच्यासाठी औषध, निधी आणि योजना यांची चर्चा करतो, त्यांतील बहुसंख्य अद्याप कोणत्याही नोंदवहीत आलेलेच नाहीत.

ते कोठे असतील? काही सौम्य आजाराचे असतील व त्यांना स्वतःलाही कल्पना नसेल. काही आखडलेला गुडघा घेऊन घरात बसले असतील आणि गाव त्यांना ‘लंगडा’ म्हणत असेल. आणि काही दात काढल्यानंतर, सुंता झाल्यानंतर किंवा डोक्यास लागलेल्या साध्या माराने निदानाआधीच गेले असतील.

निदान हे काही अवघड व खर्चिक काम नाही. मूल रांगू लागल्यावर अंगावर वारंवार निळे डाग येणे, दुधाचा दात पडल्यावर रक्त न थांबणे, लसीच्या जागी मोठी गाठ येणे, ही लक्षणे अंगणवाडी सेविका आणि आशा भगिनींनाही ओळखता येतात. प्लेटलेटची संख्या ठीक, पीटी ठीक, परंतु एपीटीटी वाढलेला, असा अहवाल आला की प्रयोगशाळेने पुढील तपासणीसाठी नमुना पाठवावयाचा असतो. एपीटीटी ही चाचणी जिल्हा पातळीवर होऊ शकते. मात्र नमुना योग्य प्रमाणात घेतलेला असावा, वेळेत तपासलेला असावा आणि तपासणारा तंत्रज्ञ प्रशिक्षित असावा. विकसनशील देशांतील हिमोफिलिया सेवेचा पाया औषधाच्या कोठारात नसून प्रयोगशाळेच्या या टेबलावर असतो, असे आमचे रक्तविकार विभागाचे डॉक्टर नेहमी सांगतात आणि नोंदवह्या पाहून मलाही ते पटले आहे.

मात्रेचे अंकगणित

यानंतर जे सांगणार आहे ते माझ्या क्षेत्राच्या जवळचे आहे. आठव्या घटकाचे औषध, ज्याला आपण सर्व ‘फॅक्टर’ म्हणतो, ते युनिटमध्ये मोजले जाते. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १ युनिट दिले की रक्तातील घटकाचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांनी वाढते. २० किलो वजनाच्या मुलाच्या सांध्यात रक्तस्राव झाला आणि प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत न्यावयाचे ठरले, तर त्याला ४०० युनिट लागतात. हे औषध शरीरात टिकून राहत नाही. ८ ते १२ तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. रक्तस्राव सुरू झाल्यावर लगेच, शक्यतो दोन तासांच्या आत इंजेक्शन मिळाले, तर अनेकदा एकदोन मात्रांत काम भागते आणि मूल लवकरच शाळेत जाऊ लागते.

तेच मूल दुसऱ्या दिवशी पोहोचले तर? सांधा फुगलेला असतो, आत साचलेल्या रक्तातील लोहामुळे सांध्याचे आतील आवरण सुजते, जाड होते, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या निर्माण होतात आणि तेथेच पुन्हा पुन्हा रक्तस्राव होऊ लागतो. औषध अधिक दिवस द्यावे लागते, व्यायामोपचार महिनोन् महिने चालतात आणि तरीही सांधा पूर्ववत होईलच अशी खात्री देता येत नाही. डोक्यातील रक्तस्रावात तर याच मुलाला पहिल्याच मात्रेला १,००० युनिट आणि पुढे दर १२ तासांनी ५०० युनिट असा हिशेब धरला, तरी एका आठवड्यात ७,००० युनिटच्या वर औषध लागते. आणि तेथे विलंबाची किंमत युनिटमध्ये मोजता येत नाही.

याचा अर्थ असा की, उशिरा दिलेले औषध जास्त लागते आणि कमी उपयोगी पडते. औषधाची खरेदी शासनाने केलेली असो वा देणगीदाराने, ते वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण मुदत संपणे हे नाही. विलंब हे आहे. रक्तस्राव केव्हा सुरू झाला आणि इंजेक्शन केव्हा मिळाले, या दोन वेळांमधील अंतर किती, हाच माझ्या मते हिमोफिलिया सेवेचा खरा मापदंड आहे.

औषधाचा प्रवास

हे औषध आपल्यापर्यंत कसे आले, तेही जाणून घेतले पाहिजे. स्वीडनमधील जुन्या नोंदींवरून दिसते की, १९२० पर्यंतच्या काळात तीव्र हिमोफिलिया असलेल्या मुलाचे आयुष्य जेमतेम ११ वर्षांचे असे. १९६४ मध्ये अमेरिकेतील डॉ. जुडिथ पूल यांनी गोठविलेला प्लाझ्मा सावकाश वितळविला असता तळाशी राहणाऱ्या साक्यात आठवा घटक भरपूर असतो, हे दाखवून दिले. तेच क्रायोप्रेसिपिटेट. साध्या रक्तपेढीतही ते तयार होऊ शकत असल्यामुळे गरीब देशांतील हजारो मुलांचे प्राण त्याने वाचविले. परंतु एका पिशवीत साधारणतः ८० युनिट धरली, तर मघाच्या मुलाच्या एका मात्रेस पाच पिशव्या, म्हणजे पाच रक्तदाते लागतात. शिवाय नववा घटक त्यात नसतोच.

पुढे हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून कोरड्या पावडरीच्या स्वरूपातील फॅक्टर आला आणि घरच्या घरी इंजेक्शन घेणे शक्य झाले. त्याच काळात, १९८० च्या दशकात, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी चे विषाणू याच औषधातून जगभरातील हजारो रुग्णांच्या शरीरात गेले. स्वतः श्नाबेल १९८७ मध्ये त्यास बळी पडले. विषाणू निष्क्रिय करण्याच्या पद्धती रूढ झाल्या, १९९० च्या दशकात रक्ताशिवाय जैवतंत्रज्ञानाने तयार केलेला फॅक्टर आला आणि औषध सुरक्षित झाले. आपल्या देशातील रक्तपेढ्यांत एचआयव्ही चाचणी १९८९ पासून आणि हिपॅटायटिस सी ची चाचणी २००१ पासून बंधनकारक झाली. तरीही क्रायोप्रेसिपिटेट व प्लाझ्मा यांचा वापर आता केवळ दुसरा पर्याय नसेल तेव्हाच करावा, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. त्यामागे ही वेदनादायक पार्श्वभूमी आहे.

इतर देशांनी काय केले

श्रीमंत देशांत रक्तस्राव झाल्यावर औषध देण्याची पद्धत मागे पडली आहे. तो होऊच नये म्हणून ठरावीक दिवशी औषध देतात. स्वीडनमध्ये १९५८ पासून हे सुरू आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील ६५ लहान मुलग्यांच्या अभ्यासात, नियमित प्रतिबंधक औषध मिळालेल्यांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे सहाव्या वर्षी एमआरआय तपासणीत निर्दोष आढळले. रक्तस्रावानंतरच औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की, त्या दुसऱ्या गटातील मुलांनाही भरपूर आणि तत्पर उपचार मिळत होते.

मग आपल्यासारख्या देशाने काय करावे? किलोमागे २५ युनिट आठवड्यातून तीनदा, हे प्रमाण घेतले तर २० किलोच्या मुलास वर्षाला ७८,००० युनिट लागतात. हा आकडा पाहून अनेक देशांनी प्रतिबंधक उपचाराचा विचारच सोडून दिला होता. चीनमधील डॉक्टरांनी वेगळा मार्ग अवलंबिला. त्यांनी किलोमागे १० युनिट, आठवड्यातून दोनदा, अशी अल्प मात्रा मुलांना दिली आणि सांध्यांतील रक्तस्राव मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या उदाहरणातील मुलास या हिशेबाने वर्षाला २०,८०० युनिट पुरतात, म्हणजे साधारण एक चतुर्थांश. अल्प मात्रा ही पूर्ण मात्रेची बरोबरी करीत नाही, परंतु काहीच न देण्यापेक्षा ती कितीतरी श्रेयस्कर आहे. जागतिक महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिबंधक उपचार हाच सर्व देशांसाठी योग्य उपचार मानला आहे. ही तत्त्वे तयार करणाऱ्या तज्ज्ञांचे नेतृत्व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. आलोक श्रीवास्तव यांनी केले, ही आपणां भारतीयांना अभिमानाची बाब आहे.

थायलंडने आपल्या सार्वत्रिक आरोग्य योजनेत २००६ पासून हिमोफिलियाचा समावेश केला आणि रक्तस्रावाची चाहूल लागताच घेता यावीत म्हणून काही मात्रा रुग्णाच्या घरीच ठेवण्यावर भर दिला. ब्राझीलमध्ये केंद्र शासन औषध खरेदी करून देशभरच्या रक्तकेंद्रांतून ते मोफत पुरविते आणि गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून लहान मुलांना प्रतिबंधक उपचारही देते. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राचे डॉ. ब्रूस इव्हॅट यांनी २००० मध्ये एका सहकाऱ्यासह विकसनशील देशांविषयी जे लिहिले, त्यातील एक विचार आपल्या कामाचा आहे. गरीब देशांतील सर्वांत मोठा अडसर पैशाचा असतोच. परंतु ‘आपल्याला हे परवडणारच नाही’ ही निराशा त्याहून मोठा अडसर ठरते. नोंद, प्रशिक्षण, प्रयोगशाळा आणि रुग्ण संघटना एवढे जरी उभे राहिले, तरी औषधाचा साठा तुटपुंजा असतानाही अधिक मुले वयात येईपर्यंत जगतात.

आपल्या देशातील वाटचाल

भारतात हे काम १९८३ मध्ये सुरू झाले. स्वतः हिमोफिलियाग्रस्त असलेले श्री. अशोक बहादूर वर्मा यांनी दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशनची स्थापना केली आणि तिच्या शाखा गावोगावी पसरल्या. त्या काळी औषध परदेशातून मागवावे लागे व ते विकत घेताना कुटुंबे कर्जबाजारी होत. आज महाराष्ट्रासह अनेक राज्यांत शासन फॅक्टर मोफत देते. आपल्या राज्यात ठाणे, नाशिक, सातारा आणि अमरावती येथील शासकीय रुग्णालयांत हिमोफिलियासाठी डे केअर केंद्रे सुरू झाली आणि पुढे ही सेवा आणखी जिल्ह्यांत पोहोचली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हिमोफिलियास दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. त्वचेखाली टोचावयाचे एमिसिझुमॅब हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि नंतर आपल्याकडेही आले. हिमोफिलिया ए च्या रुग्णांत, विशेषतः ज्यांच्या शरीरात फॅक्टरविरुद्ध प्रतिरोधक द्रव्ये निर्माण झाली आहेत त्यांच्यात, त्याने मोठा फरक पडला आहे. वेल्लोर येथे पाच तीव्र रुग्णांवर केलेल्या जनुकीय उपचाराचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारानंतरच्या निरीक्षणाच्या काळात त्यांना रक्तस्राव झाला नाही. ही सारी प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु ती पोहोचेपर्यंत आजच्या मुलाचा गुडघा शाबूत राहावयास हवा, आणि हे काम आपले आहे.

मग आपण खर्च कशावर करावयाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. औषध मोफत असले तरी ते ज्या ठिकाणी आहे तेथपर्यंतचे अंतर मोफत नाही. रक्तस्राव बहुधा रात्री लक्षात येतो. एसटीची पहिली गाडी पहाटे असते. वडिलांचा रोज बुडतो, आईला धाकट्या मुलाला शेजारी ठेवून निघावे लागते. तिसऱ्या-चौथ्या वेळी पालक मनाशी म्हणतात, ‘उद्यापर्यंत वाट पाहू.’ त्यांना दोष देता येणार नाही. रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावरही केसपेपर, अनामत, तपासणी, डॉक्टरांची फेरी आणि औषध भांडाराची किल्ली, अशा पाच ठिकाणी वेळ जाऊ शकतो. विलंबाची ही सारी कारणे वैद्यकीय नाहीत, व्यवस्थापकीय आहेत. म्हणूनच ती दूर करणे ही आम्हा प्रशासकांची जबाबदारी आहे.

आपल्या डे केअर विभागाच्या नोंदवहीत आता तीन वेळा लिहिल्या जातात : रक्तस्राव सुरू झाल्याची, रुग्ण दारात आल्याची आणि इंजेक्शन दिल्याची. नोंदणीकृत रुग्णास त्याचे निदान, वजन, रक्तगट आणि ठरलेली मात्रा लिहिलेले कार्ड दिले आहे. ते दाखविल्यावर आधी इंजेक्शन, नंतर कागदपत्रे, असा लेखी नियम केला आहे. अपघात विभागाच्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंश तापमानात, काही व्हायल सदैव ठेवल्या जातात आणि रात्रपाळीच्या परिचारिकेकडे त्याची किल्ली असते. या नियमांना पैसा फारसा लागला नाही.

ज्यासाठी पैसा लागतो, ती कामे विश्वस्त मंडळासमोर मांडतो. पहिले, प्रवासखर्चाचा निधी : रात्री-अपरात्री मूल आणण्यासाठी वाहनाचे भाडे देता आले पाहिजे. दुसरे, पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट : फॅक्टरने रक्त थांबते, परंतु आखडलेला पाय सरळ करण्याचे काम माणसाच्या हातांनीच होते. तिसरे, प्रयोगशाळेतील अभिकर्मके आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण. चौथे, दंतचिकित्सा : हिरड्यांची निगा राखली तर दात काढण्याचा प्रसंग टळतो. पाचवे, पालकांना घरी इंजेक्शन देण्यास शिकविणारी एक परिचारिका. आणि सहावे, शासकीय पुरवठ्यात खंड पडल्यास प्राणघातक रक्तस्रावापुरता फॅक्टरचा राखीव साठा.

येथे हिशेबाची एक अडचण सांगितली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयास १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही योजना अत्यंत उपकारक आहे आणि आपण ती कसोशीने पाळतो. परंतु सेवेचे मोजमाप खाटांमध्ये करण्याची सवय आपणा सर्वांना लागली आहे. हिमोफिलियाची सेवा जितकी चांगली, तितक्या खाटा कमी लागतात. मूल आले, अर्ध्या तासात इंजेक्शन घेऊन परतले, याची नोंद कोणत्याही खाटेवर होत नाही. म्हणून पुढील वर्षापासून वार्षिक अहवालात खाटांच्या तक्त्याशेजारी या मधल्या तासांचाही तक्ता छापावा, अशी माझी मंडळास विनंती आहे.

देणगीदारांना एक नम्र निवेदन. आपण उदार आहात, हे या इमारतीची प्रत्येक कोनशिला सांगते. परंतु हिमोफिलियाच्या मुलाला एकदाच मिळालेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी खात्रीने मिळणाऱ्या लहान रकमेचा उपयोग अधिक होतो. जागतिक महासंघ १९९६ पासून दान मिळालेला फॅक्टर गरजू देशांना देत आला आहे. पूर्वी तो केव्हा आणि किती येईल याचा नेम नसे. २०१५ नंतर पुढील काही वर्षांचा मोठा पुरवठा आधीच निश्चित झाला, तेव्हा कोठे लहान मुलांचे प्रतिबंधक उपचार आणि शस्त्रक्रिया यांचे नियोजन करता येऊ लागले. दोन महिने सुरू राहून तिसऱ्या महिन्यात बंद पडणाऱ्या प्रतिबंधक उपचाराचा उपयोग नाही. फिजिओथेरपिस्टची नेमणूकही एका वर्षाच्या देणगीवर करता येत नाही. म्हणून कोणी पाच वर्षांसाठी एक ठरावीक वार्षिक रक्कम देण्याचा संकल्प केला, तर ती रक्कम कितीही लहान असो, तिला आमच्या अंदाजपत्रकात मोलाचे स्थान राहील. तिचा स्वतंत्र हिशेब दरवर्षी आपल्या हाती दिला जाईल, ही ग्वाही मी देतो.

पालकांना चार शब्द

मातापित्यांनो, आपणांस उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. रात्री जागण्याचे काम आपणच करीत आला आहात. डॉक्टरांनी सांगितलेल्या काही गोष्टींचे फक्त स्मरण देतो. मूल सांध्यात मुंग्या आल्यासारखे किंवा गरम वाटते म्हणाले, तर सूज येण्याची वाट पाहू नका. त्याला जे जाणवते ते प्रथम खरे माना. सांध्याला विश्रांती द्या, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, हलका दाब द्या, पाय उंच ठेवा आणि निघा. डोक्याला, मानेला किंवा पोटाला मार लागल्यास लक्षणे नसली तरी थेट रुग्णालयात या. ॲस्पिरिन देऊ नका; तापासाठी पॅरासिटामॉल चालते. स्नायूत द्यावयाचे इंजेक्शन कोणी सुचविले तर कार्ड पुढे करा. लसी मात्र चुकवू नका. बारीक सुईने लस देऊन नंतर काही मिनिटे दाबून धरले की झाले. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. आणि मुलाला शाळेतून काढू नका. शिक्षकांना भेटा, कार्डाची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. पोहणे, चालणे याने स्नायू बळकट होतात आणि बळकट स्नायू सांध्याचे रक्षण करतात.

विश्वस्त मंडळाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे आहे. औषध शासन देते, ते वेळेवर पोहोचविण्याची व्यवस्था आपण द्यावयाची आहे. दोन्ही मिळून एक उपचार पूर्ण होतो. यांतील दुसरा भाग उणा राहिला, तर पहिल्यावर झालेला जनतेचा खर्चही मोठ्या अंशी व्यर्थ जातो. आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसलेली मुले दहा वर्षांनी स्वतःच्या पायांनी चालत कामावर जातील की नाही, हे आपण त्या मधल्या तासांचे काय करतो यावर अवलंबून राहील.

 प्रवासनिधी व फिजिओथेरपी विभागासाठी पंचवार्षिक संकल्पाची पत्रके सभागृहाबाहेर ठेवली आहेत. ती आपण अवश्य पाहावीत, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.